गाडीची किल्ली काढून घेण्याचा अधिकार कुठल्या कलमात आहे?

महोदय,

परवाच्या अंकातली नाकाबंदीतल्या हुज्जतीची बातमी आणि सोबतचे छायाचित्र पाहून लिहिल्याशिवाय राहवले नाही. तरुण काय बोलला, हवालदार काय म्हणाले, गर्दी किती जमली, सगळे तपशीलवार आले आहे. छायाचित्रात मात्र हवालदारांच्या मुठीत स्कूटरची किल्ली स्वच्छ दिसते आणि तिच्याबद्दल बातमीत अवाक्षर नाही. नाक्यावरची बहुतेक भांडणे किल्लीपासूनच पेटतात, हे या कामाशी संबंध आलेला कोणीही सांगेल.

मोटार वाहन कायदा, १९८८ काढून वाचावा. कलम १३० प्रमाणे गणवेशातल्या पोलिसाने मागितल्यावर चालकाने लायसन्स दाखवलेच पाहिजे. कलम २०६ प्रमाणे ठरावीक परिस्थितीत पोलीस लायसन्स ताब्यात घेऊ शकतात. चालक समन्स चुकवेल अशा शंकेने ते घेतले, तर तात्पुरती पोच द्यावी लागते आणि त्या पोचेवर चालकाला गाडी चालवता येते. कलम २०७ प्रमाणे लायसन्स नसताना, वय भरलेले नसताना, नोंदणी नसताना किंवा परमिटची गाडी परमिटशिवाय चालवली असेल, तर वाहनच अडकवून ठेवता येते. एवढे अधिकार कायद्याने स्पष्ट शब्दांत दिले आहेत. रस्त्यात थांबवलेल्या माणसाची किल्ली झडप घालून काढा, टायरची हवा सोडा, हेल्मेट हिसकावून घ्या, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही.

हे निव्वळ कायद्याचे बोट धरून म्हणत नाही. किल्ली काढणे धोक्याचे आहे. एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनबरोबर आपोआप पेटतो. किल्ली फिरवली की पुढचा दिवा, मागचा लाल दिवा आणि इंडिकेटर एकदम विझतात, आणि रात्रीच्या वेळी ती दुचाकी तिच्यावरच्या माणसांसकट अंधारात, चालू रस्त्याच्या मधोमध उभी राहते. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याला ती दिसणार कशी? गिअरची मोटारसायकल अजून सरकत असताना किल्ली फिरवली तर इंजिन मागच्या चाकाला आवळते. रस्त्यावर वाळू किंवा पाणी असेल तर मागचे चाक सरकून गाडी आडवी होते. मोटारीत तर खिडकीतून हात आत घालावा लागतो. इंजिन बंद पडले की ब्रेकला मिळणारी मदत एकदोन दाबांपुरती उरते, स्टिअरिंग जड होते, आणि घाबरलेल्या चालकाचा पाय चुकून भलतीकडे पडला तर हात अडकलेला पोलीस गाडीबरोबर फरफटत जातो. बॉनेटसमोर उभे राहून गाडी अडवणे हाही तसलाच जिवावरचा खेळ आहे. पोलिसांच्या जिवाची काळजी असेल त्या अधिकाऱ्यांनी हे दोन्ही प्रकार आधी बंद करावेत.

यावर पोलिसांचे म्हणणे ठरलेले असते: किल्ली घेतली नाही तर पळून जातात. पळतात, मान्य आहे. पण गाडीचा क्रमांक तर पळत नाही. कलम १३३ प्रमाणे त्या वेळी गाडी कोण चालवत होते हे सांगणे मालकावर बंधनकारक आहे आणि पोलिसाचा आदेश न मानल्याबद्दल कलम १७९ आहे. क्रमांक टिपा, पुढच्या नाक्याला कळवा. हेल्मेट नसलेल्या पोराच्या मागे भर रहदारीत धावणे किंवा त्याचा पाठलाग करणे यातून कोणाचा तरी जीव जाईल, आणि तो जीव दंडाच्या रकमेपेक्षा नक्कीच मोलाचा आहे.

गाडी कुठे आणि कशी थांबवायची याचेही शास्त्र आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. चालकाच्या डोक्यात प्रकाश पडायला एक सेकंद धरला आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेकला आणखी १० मीटर धरले, तर थांबायला २० मीटरच्या पुढे लागतात. ६० च्या वेगाला हेच अंतर ४० मीटरच्या आसपास जाते, पावसात त्याहून वाढते. असे असताना झाडाआडून किंवा उभ्या बसच्या मागून हवालदार एकदम दुचाकीसमोर येतात, चालक पुढचा ब्रेक करकचून दाबतो आणि मागे बसलेली बाई रस्त्यावर येते. नाकाबंदी लांबून दिसली पाहिजे. वळणाच्या लगेच पुढे, उड्डाणपुलाच्या उतारावर किंवा सिग्नल सुटतो त्या तोंडाशी ती लावूच नये. रिफ्लेक्टरचे जाकीट, चमकपट्टी लावलेले बॅरिकेड आणि रस्ता हळूहळू अरुंद करत नेणारे शंकू, एवढे तरी हवेच.

आपल्याकडे गाडी डावीकडे घेतली जाते आणि चालक उजवीकडे बसतो, म्हणजे चालकाच्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या पोलिसाची पाठ धावत्या रहदारीला असते. महामार्गावर पोलिसाने डाव्या बाजूच्या पुढच्या खिडकीशी जाऊन बोलावे. काच खाली, आतला दिवा चालू, कागद डाव्या खिडकीतून. ही साधी सवय लावायला कोणताही खर्च येत नाही.

आता चालकांकडे येतो, कारण त्यांचेही वागणे धड नसते. हात दिसला की डावा इंडिकेटर द्या, आरशात पाहा आणि मगच बाजूला घ्या. जिथे हात दाखवला तिथेच ब्रेक दाबून मागच्याला अंगावर घेऊ नका. जागेवर गाडी न्यूट्रल, हँडब्रेक, धोक्याचे दिवे चालू, मग इंजिन बंद. किल्ली स्वतःच बंद करून जागेवर ठेवली आणि हात स्टिअरिंगवर दिसले, तर समोरच्याला किल्लीकडे हात नेण्याचे निमित्तच उरत नाही. दुचाकी स्टँडला लावून रस्त्याच्या डाव्या बाजूला उभे राहा. मोटारीतून सगळे कुटुंब खाली उतरवू नका, आणि उतरायची वेळ आलीच तर डाव्या दाराने.

कागदपत्रांचा घोळ तर दोन्ही बाजूंनी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १३९ मध्ये २०१८ साली दुरुस्ती होऊन लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवायला मान्यता मिळाली. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधला कागद मूळ कागदाच्या तोडीचा आहे. तरी "ओरिजिनल दाखवा" म्हणून माणसाला अर्धा तास उभे करतात, आणि हातातल्या चलन यंत्रात गाडीचा क्रमांक टाकला की विम्याची मुदत दिसते! उलट, फोनच्या गॅलरीतला लायसन्सचा फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे, हे चालकांनी समजून घ्यावे. नाक्यावर उभे राहून पासवर्ड आठवत बसण्यापेक्षा घरीच ॲप उघडून कागद उतरवून ठेवावेत.

बोलण्याबद्दल मला जास्त लिहायचे नाही. वडिलांच्या वयाच्या हवालदाराला "ओ मामा" म्हणून हाक मारायची आणि लगेच नगरसेवकाला फोन लावून तो त्यांच्या कानाला लावायचा, ही मग्रुरी आहे. गाडीवर पोलिसाचे स्टिकर लावून फिरणेही तसेच. पण गणवेशातल्या माणसानेही पहिल्या शब्दापासून अरेतुरे करू नये. "गाडी बाजूला घ्या, सिग्नल तोडलात, लायसन्स दाखवा" एवढ्यात काम होते. थांबवण्याचे कारण पहिल्याच वाक्यात सांगितले की अर्धा वाद मिटतो. चालकाला चलन मान्य नसेल तर त्याने तसे शांतपणे सांगावे, यंत्रातले चलन होऊ द्यावे आणि नंतर तक्रार करावी. नाक्यावर न्यायनिवाडा होत नसतो. धक्काबुक्की केली तर प्रकरण सरकारी कामात अडथळ्याच्या गुन्ह्यावर जाते आणि तरुण मुलांना नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ते भोवते. हेल्मेट न घालणारे पोलीस दिसले तर कलम २१०ब लक्षात ठेवावे: कायदा राबवणाऱ्यानेच तो मोडला तर दंड दुप्पट आहे.

दारू प्यायल्याच्या संशयावरून होणाऱ्या श्वास तपासणीबाबत थोडे. कलम २०३ प्रमाणे ती संशयाला वाजवी कारण असेल तेव्हा करायची असते. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. प्रत्येक माणसाला नव्या नळीचे पाकीट समोर फोडून ती लावली पाहिजे आणि फुंकण्याआधी यंत्रावर शून्य दिसले पाहिजे. माउथवॉश किंवा अल्कोहोल असलेले खोकल्याचे औषध नुकतेच घेतले असेल तर तोंडातल्या अंशामुळे आकडा फुगतो. पंधरा मिनिटे थांबून पुन्हा तपासावे. हे चालकाने आधीच सांगावे आणि पोलिसांनी ऐकून घ्यावे.

चिरीमिरीबद्दल एवढेच की भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केल्यास संरक्षण मिळते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४.

जाता जाता आणखी एक. पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर गाड्यांचे फोटो काढून नंतर सवडीने चलन करू नये, असे राज्याच्या वाहतूक विभागाने २०२५ मध्ये लेखी बजावले आहे. तरीही चौकाचौकात हे चालूच आहे आणि आपल्या वार्ताहरांना ते दिसत नाही याचे आश्चर्य वाटते. कॅमेऱ्याच्या चलनासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १६७अ प्रमाणे गुन्ह्याचा आणि नंबर प्लेटचा स्पष्ट फोटो, ठिकाण, तारीख, वेळ आणि कलम लागते, आणि नोटीस पंधरा दिवसांत निघावी लागते. चलन आले की वाचकांनी आधी फोटो मोठा करून पाहावा: प्लेट आपलीच आहे का, थांबरेषा आणि सिग्नलचा रंग दिसतो का, नोंदवलेली वेळ आणि फोटोतला उजेड जुळतो का. जुळत नसेल तर दंड भरण्याआधी ई-चलनाच्या संकेतस्थळावर चलन क्रमांक टाकून तक्रार नोंदवावी, आणि फोटोत नेमके काय दिसत नाही तेवढेच दोन ओळींत लिहावे.

आपला,
एक निवृत्त मोटार वाहन निरीक्षक