सूचना : मोफत तपासणीला निघण्याआधी

सर्व सभासद ताईंना,

१५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. पण कापूस वेचणीच्या दिवसांत चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन यायचं म्हणजे आपली मजुरी बुडते, सोबत आलेल्या सुनेचीही बुडते, वर भाडं, चहा-नाश्ता. ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणणाऱ्या बाईला आळशी म्हणू नका, ती हिशेब करते आहे.

तिशीच्या पुढच्यांची बीपी, शुगर, तोंडाची प्राथमिक तपासणी जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातही (सरकारी आरोग्य केंद्रात) होते. आधी तिथे जा. कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत, हे आशाताईंना विचारूनच निघा. रक्त उपाशीपोटी द्यायचं का, तेही विचारा, नाहीतर भाकर खाऊन गेलात की दुसरा हेलपाटा ठरलेला. काळीपिवळीपेक्षा एसटी धरा : बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट (आधार कार्ड घ्या). बाळंतपणासाठी १०२ ची गाडी मोफत असते. कोणी पैसे मागितले तर गटाला कळवा.

प्रवासासाठी गटातून बिनव्याजी उचल द्यावी, असा विषय येत्या बैठकीत घेतला आहे. गरज असणाऱ्यांनी त्याआधी नाव द्यावं.

– सचिव, महिला बचत गट