घरकुलाची मंजुरी आणि डोक्यावरचे छप्पर

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलेस की सरकार घरकुल देते, रेशन देते, निराधारांना महिन्याचे अनुदान देते, मग बेघरांसाठी काम करणाऱ्या तुमच्या मंडळाला करायला उरते तरी काय? प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर घाईत देण्यासारखे नव्हते, म्हणून सवडीने लिहायला बसले. शिवाय बाबांकडे एक मागणेही आहे. ते पुढे ओघाने येईलच.

आपल्या भागातला बेघर माणूस सहसा रस्त्यावर दिसत नाही. तो चुलतभावाच्या गोठ्यात एका कोपऱ्यात चूल मांडून असतो, नाहीतर गायरानालगत तुराट्यांचा कूड उभारून त्यावर ताडपत्री टाकून राहतो. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर माणसे नोंदली गेली, पण ती मोजणी उघड्यावर राहणाऱ्यांची होती, त्यामुळे गोठ्यातले हे कुटुंब तिच्यात येत नाही. मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले, आणि काही शहरांत तसे निवारे झालेही. खेड्यात मात्र झडी लागून मातीची भिंत बसली, तर त्या रात्री लेकराबाळांसह कुठे जायचे, याची ठरलेली सोय नाही. शाळेची खोली किंवा मंदिराचा सभामंडप मिळतो, तो चार दिवसांपुरता. पाचव्या दिवसापासून आमचे काम सुरू होते.

घरकुलाचेच घ्या. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या लाभार्थ्याला १ लाख २० हजार रुपये हप्त्याहप्त्याने मिळतात, शौचालयाचे १२ हजार वेगळे, आणि रोजगार हमीतून मजुरीचे दिवसही धरले जातात. ही मदत मोठी आहे आणि तिच्यामुळे अनेकांची घरे झाली, हे मी आधी सांगते. अडचण मधल्या काळात येते. ज्याच्याकडे दुसरी जागा नाही, त्याला आहे ते कुडाचे घर मोडूनच नवा पाया खणावा लागतो. बांधकाम जोत्यापर्यंत आले, त्याचे छायाचित्र जागेच्या नोंदीसह ऑनलाइन चढले, की मग पुढचा हप्ता येतो. तोवर मजुराची मजुरी थांबत नाही, पाऊसही थांबत नाही. त्यातून आपला दर्यापूर तालुका खारपाणपट्ट्यातला, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या, काळ्या मातीच्या पट्ट्यातला. ही काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, म्हणून पाया खोल घेतला नाही तर नवी भिंतही तडकते. मुरमाड जमिनीवर जे काम कमी खर्चात निभते, त्याला इथे जास्त पैसा लागतो, आणि अनुदान मात्र दोन्हीकडे सारखेच असते.

म्हणून मंडळाने टिनपत्रे, बल्ल्या आणि ताडपत्र्या घेऊन ठेवल्या आहेत. घर मोडले की त्याच आवारात एक तात्पुरती खोली उभी करून द्यायची आणि स्लॅब पडला की पत्रे पुढच्या घरी न्यायचे. जोत्यासाठी बिनव्याजी उसनी रक्कमही देतो. हप्ता आला की ती परत येते आणि दुसऱ्याच्या पायाला लागते. मंडळाची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे आणि हिशेब दरवर्षी गावासमोर वाचला जातो. देणगीदार पुष्कळदा ब्लँकेट वाटपाचा आग्रह धरतात, घेणाऱ्यांना रांगेत उभे करून छायाचित्रे काढतात. मला ते मनापासून खटकते आणि मी तसे बैठकीत बोललेही आहे. ज्याच्या घरी आपण जेवायला बसू शकतो, त्याला असे उभे करू नये.

परवा एका मावशींकडे गेले होते. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली, मूलबाळ नाही, आयुष्य कापूस वेचण्यात गेले. त्यांचे आधार कार्ड, रेशन कार्ड आणि पासबुक खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून आढ्याच्या बल्लीला बांधलेले होते, कारण घरात कोरडी राहणारी जागा तेवढीच. बोटांच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत की रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटत नाही आणि कधी कधी धान्य न घेताच परतावे लागते. आमची एक कार्यकर्ती आता दर महिन्याला त्यांच्यासोबत दुकानात जाते आणि धान्य घेतल्याशिवाय हलत नाही. निराधार योजनेचे दीड हजार रुपये सुरू झाले आहेत. घरकुल मात्र अडले आहे, कारण जागा अजून दिवंगत सासऱ्यांच्या नावावर आहे आणि दीर-पुतणे सुरतेला आणि पुण्याला पांगलेले आहेत.

बाबा, माझे मागणे इथेच आहे. ग्रामसेवक म्हणून तुमची सारी नोकरी नमुना ८ च्या, म्हणजे गावातल्या घर-जागांच्या कर-आकारणीच्या नोंदी, वारसांचे दाखले आणि संमतिपत्रे यांत गेली. कोणता अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा, कोणता तहसीलला न्यायचा, आणि पोच घेतल्याशिवाय टेबल का सोडायचे नाही, हे तुम्हाला जसे ठाऊक आहे तसे आमच्यापैकी कुणालाच नाही. तुम्ही आम्हाला लहानपणी गाडगेबाबांविषयी सांगायचात. आपल्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा हा माणूस पंढरपूर-नाशिकला धर्मशाळा बांधून थांबला नाही, तर मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही त्याने निवारा उभारला. उपचार दुसरीकडे होत असले तरी तोवर माणसाने पाठ कुठे टेकायची, हा प्रश्न त्याला दिसला होता. आमचे पत्रे आणि तुमचे कागद त्याच प्रश्नासाठी आहेत, असे मला वाटते.

आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी आमचे कार्यालय उघडे असते, कारण त्या दिवशी खेड्यांवरची माणसे तालुक्याला आलेलीच असतात आणि वेगळे भाडे पडत नाही. गुडघे दुखत असतील तर दोनच तास बसा. खुर्ची आणि दुपारचा डबा माझ्याकडे. आई, तूही सोबत ये. बायका माझ्याशी अर्जापुरते बोलतात, तुझ्याशी घरातले बोलतील. आणि जुन्या लुगड्यांच्या गोधड्या असतील तर घेऊन ये, पत्र्याच्या खोलीत पहाटे फार गारठा पडतो. दिवस नक्की करून कळवा, म्हणजे मावशींना आणि वारसाचे प्रकरण अडलेल्या आणखी दोघा-तिघांना मी आधीच निरोप पाठवते.

तुमची लेक