वसुधास पत्र

पुणे,
१४ जुलै

प्रिय वसुधा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला अकरा महिने उत्तर लिहिले नाही, ह्याचे कारण आळस नसून लाज आहे. माझी साखर ताब्यात आहे, गुडघे नाहीत. एवढ्यावर प्रकृतीचा विषय संपवते.

गेल्या वर्षी अभ्यास मंडळाच्या बैठकीत 'आर्थिक विचारांचा इतिहास' ही तृतीय वर्षाची पत्रिका वगळून तिच्या जागी संगणकावरील सांख्यिकी आणण्याचा ठराव आला, आणि त्याखालच्या सह्यांत एक माझी आहे. तू नोकरी सोडून मिरजेच्या पतसंस्थेत जाईपर्यंत जीव ओतून शिकवलेली ती पत्रिका बंद होताना मी अवाक्षर काढले नाही. 'मुलांना नोकऱ्या लागल्या पाहिजेत' ह्या वाक्याला त्या वेळी मला उत्तर सुचले नाही, आणि चारची गाडीही गाठायची होती.

गेल्या आठवड्यात २००८ चे जागतिक आर्थिक अरिष्ट शिकवत होते. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ह्या बड्या अमेरिकन बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला, नोव्हेंबरात इंग्लंडची राणी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेली आणि हे कुणाच्याच लक्षात कसे आले नाही असे तिने विचारले, हा किस्सा मी दरवर्षी सांगते आणि वर्ग दरवर्षी हसतो. ह्या खेपेस तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, तेव्हा तुम्ही काय शिकवत होता?" मी "अर्थशास्त्रच" म्हणाले. वर्ग पुन्हा हसला; मला मात्र हसू आले नाही.

घरी येऊन माळ्यावरची जुनी टिपणे काढली. नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट लुकास ह्यांनी अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांच्या संघटनेपुढे २००३ च्या अध्यक्षीय भाषणात मंदी टाळण्याचा प्रश्न व्यवहारापुरता सुटला आहे असे सांगितले होते. ते माझ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून लिहिलेले आहे, आणि कडेला 'पाच गुणांसाठी' अशी सूचनाही आहे. बँका कोसळत होत्या त्या सत्रात मी हे मुलांकडून पाठ करून घेत होते, वसुधा.

राणीचा प्रश्नच मला आता चुकीचा वाटतो, कारण काहींच्या लक्षात आले होते. २००५ च्या ऑगस्टात अमेरिकेतल्या जॅक्सन होल येथे मध्यवर्ती बँकांच्या धुरिणांची परिषद भरते, तीत अर्थशास्त्रज्ञ रघुराम राजन ह्यांनी काय सांगितले, त्यावरून आपले भांडण झाले होते. क्वचितच ओढवणारा पण ओढवला तर सर्वनाश करणारा धोका पत्करून वर्षानुवर्षे नफा दाखवणाऱ्या व्यवस्थापकाला बक्षीस मिळते, आणि असा धोका बँकांच्याच पोटात साचतो, असे त्यांचे म्हणणे होते. सभेत अमेरिकेचे माजी अर्थमंत्री लॅरी समर्स ह्यांनी त्यांना जवळजवळ प्रगतिविरोधी ठरवले. कँटीनमध्ये ते काम मी केले. तू वडापावचे पैसे न देता तरातरा निघून गेलीस. ते पैसे अजून येणे आहेत, पण व्याज मी सोडले.

अडचण भाकीत चुकल्याची नव्हतीच. अर्थव्यवस्थेच्या ज्या गणिती प्रतिमानांवर (मॉडेलांवर) मध्यवर्ती बँका विसंबून होत्या, त्यांतल्या बहुतेकांत बँकच नव्हती. शहाण्या, दूरदृष्टीच्या एका कुटुंबाने अवघ्या देशाची जागा घेतली होती. पुढे बँका त्यांत घातल्या गेल्या हे खरे, पण घराला आग लागून गेल्यावर नकाशात स्वयंपाकघर काढावे तसे. स्थैर्यच माणसाला धोका पत्करायला शिकवते, असे सांगणारे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हायमन मिन्स्की १९९६ मध्ये वारले. आमच्या विद्यार्थ्यांना ते फक्त तुझ्या त्या पत्रिकेत भेटत असत. २०१३ चे अर्थशास्त्राचे नोबेल तर यूजीन फामा आणि रॉबर्ट शिलर ह्यांना एकत्रच मिळाले: एकाच्या मते बाजार उपलब्ध माहिती किमतीत अचूक उतरवतो, दुसऱ्याच्या मते तो वेळोवेळी बहकतो. सासूसुनेला एकाच समारंभात आदर्श गृहिणीचा नारळ द्यावा, तसा तो प्रकार.

तरी संगणकाच्या पत्रिकेला मी सरसकट नावे ठेवू शकत नाही. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की वाढ खुंटते, ह्या राइनहार्ट आणि रोगॉफ ह्या अर्थशास्त्रज्ञांच्या २०१० च्या निष्कर्षाचा सरकारी खर्च कापू पाहणाऱ्या काटकसरवाल्यांनी मोठा आधार घेतला होता. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन ह्या विद्यार्थ्याने वर्गातल्या स्वाध्यायासाठी त्यांचा संगणकावरचा तक्ता उघडला, तर सरासरीच्या सूत्रातून पाच देश गळालेले निघाले. ती चूक, वगळलेली काही वर्षे आणि कोणत्या देशाला सरासरीत किती वजन द्यायचे ती पद्धत हे सारे दुरुस्त केल्यावर अशा देशांची सरासरी वाढ उणे ०.१ ऐवजी २.२ टक्के आली. तक्ता उघडता येणे ही विद्या आहेच. पण तो उघडावासा वाटायला आधी संशय यावा लागतो, आणि तो मुलांच्या मनात पेरणारी पत्रिका मी सही करून घालवली.

राजन ह्यांचा तो धोका तुला पतसंस्थेत रोज दिसत असेल. कर्जवाटपावर बढती मिळणारा अधिकारी वसुलीची काळजी कशाला करील? आईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले का? केदारच्या लग्नाला आले नाही, त्याबद्दल रागावली असशील, भेटल्यावर बोल.

सध्या एवढेच ठरवले आहे की, दिवाळीनंतर शनिवारी दुपारी अभ्यासक्रमाबाहेरची आठ व्याख्याने द्यायची. प्राचार्यांनी खोली दिली आहे, पंखा दिलेला नाही. ती तिसऱ्या बाकावरची मुलगी येते म्हणाली आहे. तुझी निळ्या पुठ्ठ्याची वही मला हवी आहे, समासातल्या शेऱ्यांसकट. माझ्याविषयीचेही राहू देत. पोस्टाने रजिस्टर करून पाठव, कुरिअरवाल्याला आमची गल्ली सापडत नाही.

तुझी,
मालती