पाण्याचं चित्र मुलांना मिळून काढू द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. दर वर्षी २२ मार्चला जागतिक जलदिन साजरा होतो. प्रभातफेरी, घोषणा, प्रतिज्ञा आणि चित्रकला स्पर्धा. सहा वर्षांची लेकरं फळ्यावरचा गळका नळ आणि रडणारी पृथ्वी जशीच्या तशी उतरवतात, नंबर काढले जातात आणि पाण्याचा विषय पुढच्या मार्चपर्यंत मिटतो. पहिली-दुसरीपुरती तरी ही स्पर्धा बंद करा आणि त्या जागी गोष्ट आणि साऱ्या वर्गानं मिळून काढलेलं एकच मोठं चित्र येऊ द्या, एवढ्यासाठी हे पत्र.

टंचाई म्हणजे काय, हे आमच्या मुलांना शिकवावं लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचं मांजरा धरण आटलं, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. पाणी भरायच्या जागी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावली होती. आज माझ्या वर्गात बसणारी मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती, पण टँकर आला की घागर घेऊन कुठं उभं राहायचं हे त्यांना बरोबर कळतं. टँकर कुठून भरून येतो, गावातला आड का बुजला, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ‘पाणी संपणार’ असं सांगून इतक्या लहान मुलांना भिववण्यात काहीच हशील नाही.

वर्गात एका आजींना गोष्ट सांगायला बोलावलं होतं. त्यांनी शितळासप्तमीची कहाणी घेतली. आटपाट नगराच्या राजानं तळं बांधलं, पण तळ्याला काही पाणी लागेना. पुढचा बळीचा भाग आजींनी शहाणपणानं गाळला आणि तिथंच थांबून विचारलं, “का लागंना झालं पाणी, सांगा बरं?” एक जण म्हणाला, खाली खडक असंल. एक म्हणाली, वढा दुसरीकडं वळला असंल. भूगर्भातल्या पाण्याचा धडा तिथंच सुरू झाला.

मग जुनी पोती एकत्र शिवून, त्यांना गेरू फासून मुलांनी चुन्यानं आपला गाव काढला. एकानं आपल्या शेतात बोअर काढला. शेजारच्या शेतात विहीर काढणारी मुलगी तडक म्हणाली, “तुमच्या बोअरमुळंच आमची हीर आटली.” बराच वाद झाला. शेवटी दोन्हींच्या खालून निळीची एकच पट्टी ओढायची असं ठरलं आणि ती ओढायला सगळेच वाकले. प्रत्येकाच्या हातात वेगळा कागद असता तर हा वाद झालाच नसता. पाण्याबद्दल मुलांना कळायला हवं ते नेमकं हेच आहे, आणि स्पर्धेत ते कळायला वावच नाही.

हे काही मी नव्यानं शोधलेलं नाही. वारली आदिवासींच्या घरांत लग्नाचा चौक, म्हणजे लग्नासाठी भिंतीवर काढायचं चित्र, सवाशिणी मिळूनच काढतात. त्याच मुलखात, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी आणि कोसबाडला, बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलांच्या अंगणात जाऊन, तिथं जे हाताशी असेल त्यातूनच शिक्षण उभं केलं.

शाळेला संयुक्त अनुदान मिळतं, पण ते खडू, वीजबिल आणि डागडुजीतच संपतं. गेरू, चुना, नीळ यांसाठी थोडी वेगळी रक्कम द्या. गावातल्या आजी-आजोबांना महिन्यातून एकदा वर्गात बोलवायची रीतसर मुभा द्या. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे आहे, म्हणून त्या मंत्र्यांशीही बोला, म्हणजे तीन वर्षांच्या मुलांपासून हे सुरू होईल. आणि फोटो अपलोड करायची लिंक कृपा करून जोडू नका. तो वेळ आम्हाला मुलांसोबत हवा आहे.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका