ब्लूबेरीच्या डबीवरून

बेळगाव,
मे महिना, रविवार सकाळ

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो बघितला. तळहाताएवढी प्लास्टिकची डबी, आत मोजून पंचवीस-तीस निळ्या गोळ्या. किंमत वाचून तुझ्या आईने चष्मा पुसला आणि परत वाचली. खाली तू विचारलंयस, ‘बाबा, तुमच्या लहानपणी असलं काय मिळायचं काय?’ मिळायचं की! फक्त डबीत नाही, जाळीत मिळायचं, आणि पैशाऐवजी कातडं द्यावं लागायचं.

करवंदापासूनच सुरू करतो, कारण त्याने मला सगळ्यांत जास्त ओरबाडलंय. आजोळी, खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे, आम्ही सात-आठ पोरं सकाळी न्याहारी करून निघायचो. करवंदाचा काटा नुसता टोचत नाही, त्याला दोन टोकं असतात. एकातून हात सोडवायला जावं तर दुसरं शर्टात. पिकलेली काळी करवंदं नेमकी जाळीच्या पोटात, आणि बाहेरच्या बाजूला सगळी हिरवी-तांबडी, न पिकलेली. ती तोडली की देठातून पांढरा चीक येतो आणि ओठांना असा बसतो, की खोबरेल चोळल्याशिवाय सुटत नाही. त्यातून आमचा खेळ चालायचा. करवंद मुठीत धरून विचारायचं, ‘कोंबडा की कोंबडी?’ मग दातांनी फोडून बघायचं. आत लालभडक निघालं तर कोंबडा, फिकट निघालं तर कोंबडी. हरला त्याने आपल्या वाट्याचं एक द्यायचं. माझा एक मामेभाऊ मूठ धरायला लागला की कधीच हरायचा नाही. पुढे कळलं, की तो उत्तर ऐकल्यावर मुठीतलं करवंद बदलायचा. आज तो वकील आहे.

जाळीत शिरायच्या आधी आजोबा मोठ्याने खोकायला लावायचे. आम्हाला वाटायचं, हे भुताखेतांसाठी असणार. ते अस्वलासाठी होतं. खानापूरच्या रानात अस्वलं आजही आहेत, आणि मे महिन्यात करवंदं-जांभळांसाठी तीही आपल्यासारखीच हिंडतात. दोघांची गाठ पडली की मग भांडण करवंदावरून राहत नाही. २०११ मध्ये भीमगड अभयारण्य झालं, आता रानात असं कुठेही शिरता येत नाही, ते बरंच आहे. आमच्या वाटेवर एक सपाट कातळ होता, त्यावर रोज सकाळी बियांचा एक ढीग दिसायचा, स्वच्छ धुतल्यासारखा. आम्ही समजायचो, कुणीतरी निवडून ठेवलाय. आजोबा म्हणाले, उदमांजराची विष्ठा आहे ती. त्या दिवशी दोघांनी दुपारचं जेवण सोडलं. पण खरं सांगू, रानातली निम्मी झाडं अशीच लागतात. फळ खाणाऱ्याने बी कुठेतरी दूर नेऊन टाकायचं, एवढीच झाडाची अपेक्षा. आपण घराच्या मोरीत थुंकतो, म्हणजे व्यवहार एकतर्फीच झाला.

आता तोरणं. तू खाल्लीयस, पण तुला आठवणार नाही, तीन वर्षांची होतीस. वाटाण्यापेक्षा जरा मोठी, पांढरी, पिठूळ गोडीची, मध्ये गोल बी. बोराच्याच घराण्यातलं झाड, त्यामुळे काटे वाकडे, मागे ओढणारे. चोर्ल्याच्या बाजूला, गोव्याच्या हद्दीला लागून, ह्यालाच चुन्ना म्हणतात. करवंदाला आपल्याकडचे कानडी लोक कवळी हण्ण म्हणतात, जांभळाला नेरळ हण्ण. आपल्या गावाचं नाव २०१४ मध्ये बेळगावी झालं, त्याच्या आधीही आणि नंतरही इथे मराठी-कानडी पाट्यांवरून किती काय होतं, ते तुला सांगायला नको. करवंदावर मात्र अजून कुणी पाटी लावलेली नाही. परवा बाजारात जांबोटीकडची एक बाई बुट्टी घेऊन बसली होती. मला म्हणाली, ‘खाऊन बगा की साहेब, गोड नसंल तर पैसे नको.’ शेजारी उभ्या बाईंकडे वळून लगेच कानडीत, ‘तगोरी अक्का, छलो अदाव.’ म्हणजे, घ्या अक्का, चांगली आहेत. दोघांनीही घेतली. दोघांचीही आंबट निघाली.

अळवाची गोष्ट तुझी आई अजून पाहुण्यांना सांगते, म्हणून माझ्या बाजूनेही एकदा लिहून ठेवतो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिने सांगितलं, येताना अळू आणा. आमच्या आजोळी अळू म्हणजे फळ. काटेरी झाड, फळ लहान चिक्कूसारखं, पिकून तपकिरी आणि मऊ झालं की मगच खायचं. कच्चं खाल्लं तर तोंड असं आखडतं, की शिवीसुद्धा नीट देता येत नाही. मी बाजार पालथा घालून किलोभर घेऊन आलो, कुणीतरी आपल्या गावची चव मागतंय ह्या आनंदात. घरात ती बेसन भिजवून, चिंचगूळ कालवून पानांची वाट बघत बसलेली. त्या रात्री आम्ही बेसनाची पोळी खाल्ली. तिचं माहेर अथणीचं, रानफळ म्हणजे बोर आणि कवठ एवढंच तिला ठाऊक. जिल्हा एकच, पण कणकुंबीला, जिथे मलप्रभा उगवते, तिथे धो धो पाऊस, आणि अथणीला आभाळाकडे बघत बसायचं. त्यामुळे आमच्या लहानपणाची फळंसुद्धा वेगळी. ती फड्या निवडुंगाची लाल बोंडं खाऊन मोठी झाली. बोंडांवरची बारीक कुसं काढायला ती जमिनीवर घासायची, तरी चार जिभेत राहायचीच, असं ती अभिमानाने सांगते. ह्या एका बाबतीत माझ्यापेक्षा शूर.

आंबगुळाबद्दल थोडक्यात. नावात आंबा आणि गूळ दोन्ही, तोंडात दोन्ही नाहीत. लाल फळावर चंदेरी ठिपके, दिसायला दागिना, खायला डोळे मिटवणारं. पुढे.

बिब्ब्याला मात्र मान द्यायला हवा. ‘कामात बिब्बा घालणे’ हे तू रोज ऑफिसात ऐकत असशील, पण बिब्बा खाल्लाय का कधी? काळी बी आणि तिला चिकटलेला नारिंगी, गरदार देठ, असं ते फळ. हा काजूचाच भाऊबंद, त्यामुळे रचना तीच, वर बोंड नि खाली बी. देठ वाळवून खातात, त्याला बिब्ब्याची फुलं म्हणतात. बीच्या आत गोडंबी असते, तीच तुझ्या आजीच्या हिवाळ्यातल्या लाडवांत. पण बीच्या सालीतलं तेल अंगाला लागलं की कातडी भाजल्यासारखी फुटते, त्याला ‘बिब्बा उतला’ म्हणतात. त्याच तेलाने परीट कपड्यांवर खुणा करायचे, कितीही धुतल्या तरी न जाणाऱ्या. मी नववीत असताना शहाणपणाने बी दगडाने फोडली. पंधरा दिवस उजवा गाल डाव्यापेक्षा मोठा होता. शाळेतल्या ग्रुप फोटोत मी कडेला, एका बाजूने उभा आहे, त्याचं कारण हे.

आता मुद्द्याचं. ही फळं तुझ्या त्या दुकानात का दिसत नाहीत? त्यांना दम नसतो. जांभूळ झाडावरून पडलं की एक-दोन दिवसांचा सोबती. गेल्या वर्षी मी तुला रात्रीच्या बसने दोन किलो पाठवली होती ना, वर्तमानपत्रात गुंडाळून, खोक्यात भरून. बेंगळुरूला पोचेपर्यंत खोक्यातून जांभळी शाई गळली आणि खालच्या कुणाच्यातरी सुटकेसवर पसरली. ड्रायव्हरने तुला काय काय ऐकवलं ते तू मला सांगितलं नाहीस, पण मला अंदाज आहे. म्हणून ह्या वर्षी फळ पाठवत नाही. कच्च्या करवंदांचं लोणचं आणि आमसुलं पाठवतोय. लोणच्याची बरणी सिंकवर धरूनच उघड.

पिकलेली खायची असतील तर मात्र यावं लागेल, आणि मिरगाच्या आधी. मिरगाचा पाऊस पडला की करवंदं पाणचट होतात, आत किडा धरतो. म्हणजे सात जूनपर्यंत तुला दोन शनिवार मिळतात. जांबोटीची सकाळची बस अजून चालू आहे, मी चौकशी करून आलोय. मामेभाऊही येतो म्हणतोय. ह्या वेळी मूठ मी धरणार.

तुझा,
बाबा

ता. क. येताना पांढरं काही घालून येऊ नकोस. आणि ती डबी धुऊन घेऊन ये, आईला मोहरी ठेवायला हवीय.