रक्त काढायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

हे पत्र फक्त तुमच्या पत्त्यावर धाडता आलं असतं. पण तुम्ही आम्हाला जे दिलंत त्याची गरज नंदुरबारसारख्या जिल्ह्यात मराठी माध्यमातून बारावी करून लॅबच्या कामाकडे वळणाऱ्या कितीतरी मुलामुलींना आहे, म्हणून चारचौघांत लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही. ते तुम्हाला रुचणार नाही हे मला माहीत आहे.

आमच्या कोर्सच्या पुस्तकात मागे शब्दांची यादी होती. एकीकडे शब्द, समोर अर्थ. आम्ही सगळ्या ती घोकत होतो आणि दुसऱ्या दिवशी विसरत होतो. ओपीडी संपल्यावर तुम्ही आम्हाला कलेक्शन रूममध्ये थांबवून घेतलंत, पुस्तकं मिटायला लावलीत आणि उभं केलंत. हात खाली सोडा, तळवे समोर, अंगठे बाहेर. शरीराचं सगळं वर्णन असं उभ्या असलेल्या माणसाचं असतं, हे तेव्हा कळलं. मग अंगठ्याकडची बाजू ती लॅटरल, करंगळीकडची मीडियल, खांद्याकडे जाल तसं प्रॉक्सिमल, बोटांकडे याल तसं डिस्टल. आणि सगळ्यात आधी, उजवं-डावं पेशंटचं, समोर उभ्या असलेल्या आपलं नाही.

हे नुसतं पाठांतर राहिलं असतं, पण तुम्ही लगेच विचारलंत की डाव्या बाजूची मॅस्टेक्टोमी झालेली बाई आली तर रक्त कुठल्या हातातून काढाल? स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिका गाठी काढलेल्या असतात, त्या हाताला सूज येऊ शकते, संसर्ग होऊ शकतो. म्हणून तो हात सोडायचा. डायलिसिसच्या पेशंटच्या हातात फिस्टुला, म्हणजे शीर आणि रोहिणीचा जोड, केलेला असतो, त्या हाताला पट्टाही बांधायचा नाही. सलाईन चालू असेल तर शक्यतो दुसरा हात, आणि दुसरा हात नसेलच तर डॉक्टरांना विचारून सलाईन थांबवायचं, किमान दोन मिनिटं जाऊ द्यायची आणि सलाईनच्या सुईच्या डिस्टल बाजूला टोचायचं. एका ‘डिस्टल’मध्ये एवढं सगळं होतं. तो शब्द मी पुन्हा कधी वहीत शोधला नाही.

कोपराच्या खोबणीतल्या तीन शिरांची तुमची शिकवणी तर मला तोंडपाठ आहे. मधली मीडियन क्युबिटल, पहिली पसंती तिला, कारण ती जागची फारशी हलत नाही आणि दुखतंही कमी. अंगठ्याच्या बाजूला सेफॅलिक, जाड माणसाच्या हातात पुष्कळदा तीच हाताला लागते. करंगळीच्या बाजूला बॅसिलिक, आणि इथे तुमचा आवाज बदलायचा. तिच्याजवळ ब्रॅकियल रोहिणी आहे, मीडियन नर्व्ह आहे, म्हणून ती शेवटची. दिसते छान, ठसठशीत, नवीन माणूस भुलतो. पण पेशंटने ‘बोटांपर्यंत करंट गेला’ म्हटलं की सुई त्याच क्षणी बाहेर, एक शब्द न बोलता, असं तुम्ही आमच्याकडून वदवून घेतलं होतंत.

तुम्ही स्वतः शीर कशी शोधायचात ते मी शेजारी उभी राहून खूप पाहिलं आहे. पट्टा कोपराच्या वर चार बोटं. तर्जनीचं टोक खोबणीत आडवं फिरायचं, थांबायचं, हलकेच दाबायचं. दाबलं की स्पंजासारखी परत वर येते ती शीर, कडक दोरीसारखी लागतो तो स्नायूबंध, आणि खाली ठोके लागले तर ती रोहिणी, तिथून बोट काढायचं. डोळे त्या वेळी पेशंटच्या चेहऱ्याकडे. बोट शीर शोधतंय आणि तोंडाने विचारणं चालू, नाव काय, वय किती, सकाळपासून काही खाल्लंय का. मध्येच एखाद्या शिरेवर छोटी गाठ लागली की आमचं बोट तिथे ठेवून म्हणायचात, ‘ही झडप. इथे टोचायचं नाही.’ शिरांमधलं रक्त हृदयाच्या दिशेनेच जातं हे विल्यम हार्वे यांनी 1628 मध्ये असाच दंड बांधून, अशीच शीर बोटाने दाबून दाखवलं होतं, हेही तुम्हीच सांगितलंत. सरकारी कलेक्शन रूममध्ये, दुपारी, पंख्याखाली बसून हे कोण सांगतं, मॅडम?

पट्टा एक मिनिटाच्या वर ठेवायचा नाही, का? शिरेतलं पाणी बाहेर झिरपतं, पेशी आणि प्रथिनं दाटतात, हिमोकॉन्सन्ट्रेशन. स्पिरिट सुकू द्यायचं, का? ओलं असताना टोचलं तर आग होते आणि तांबड्या पेशी फुटतात, हिमोलायसिस. सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला, बल्ब, म्हणजे रक्त भरायची नळी, खळखळून हलवला, तरी तेच. गोठलेल्या रक्तातून सुटणारं सीरम पिवळसर यायचं ते लालसर येतं आणि लॅबमधून निरोप येतो, सॅम्पल हिमोलाइज झालंय, पुन्हा पाठवा. ‘पुन्हा पाठवा’ म्हणजे त्या माणसाला पुन्हा टोचणं. तुमच्या तोंडून प्रत्येक मोठा शब्द शेवटी तिथेच यायचा, की यातून पेशंटला काय होतं.

बल्बच्या टोपणांचे रंग, आतली रसायनं आणि भरण्याचा क्रम आम्हाला सगळ्यात जड गेला. आधी कल्चरच्या (रक्तातले जंतू वाढवून पाहायच्या) बाटल्या, मग निळा सायट्रेट, मग लाल किंवा पिवळा, मग हिरवा हेपरिन, मग जांभळा ईडीटीए, शेवटी करडा फ्लोराइड. हा क्रम का, ते तुम्ही एका रिपोर्टवरून समजावलंत. एका शिबिरातून आलेलं सॅम्पल होतं. पोटॅशियम भलतंच वाढलेलं, कॅल्शियम जवळजवळ तळाला, आणि माणूस धडधाकट, बाहेर बाकावर बसून शेंगा खातोय. तुम्ही कुणाला बोल लावला नाहीत. रिपोर्ट टेबलावर ठेवलात आणि विचारलंत, ‘आधी कुठला बल्ब भरला असेल?’ ईडीटीएचं मीठ पोटॅशियमचं असतं आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून तर रक्त गोठत नाही. त्याचा अंश प्लेन बल्बमध्ये गेला की आकडे असे दोन टोकांना जातात. त्या दिवसानंतर जांभळा आधी भरण्याचा विचारही कुणाच्या मनात आला नसेल. सायट्रेटचा बल्ब खुणेपर्यंत का भरायचा हेही तसंच. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. बल्ब अर्धा राहिला तर पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, उगाच लांबलेला येतो आणि डॉक्टर त्यावरून औषधाचा डोस बदलू शकतात.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे वेगळे आभार मानायला हवेत. तुम्ही आम्हाला हे शब्द मोठ्याने बोलायला लावलेत. आमच्यातल्या बऱ्याच जणी घरी अहिराणी, पावरी किंवा भिली बोलणाऱ्या. डॉक्टरांसमोर इंग्रजी शब्द उच्चारायचा म्हणजे घशाला कोरड पडायची. तुम्ही फोनचा रिसीव्हर हातात द्यायचात आणि वॉर्डला तातडीचा रिपोर्ट कळवायला लावायचात. हायपरकॅलेमिया आणि हायपरकॅल्सेमिया, एक पोटॅशियम वाढल्याचा, एक कॅल्शियम वाढल्याचा, फोनवर दोन्ही सारखेच ऐकू येतात. म्हणून नुसता शब्द सांगायचा नाही. पोटॅशियम म्हणायचं, आकडा म्हणायचा, आणि पलीकडच्या सिस्टरांकडून तो परत म्हणवून घ्यायचा. हायपर (जास्त) आणि हायपो (कमी) यांच्या बाबतीतही हेच. आज मी वॉर्डला फोन करते तेव्हा आवाज कापत नाही. ही माझ्या दृष्टीने फार मोठी मिळकत आहे.

आणि हेच शब्द पेशंटसमोर मात्र तुम्ही तोंडातून काढू दिले नाहीत. तिथे पट्टा, शीर, मूठ, सुई. मूठ मिटा, पण सारखी उघडझाप करू नका, एवढंच. हिमॅटोमा म्हणायचं नाही. ‘काळंनिळं पडेल, घाबरू नका, कापूस दाबून धरा, हात दुमडू नका’ असं म्हणायचं. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आलेल्या बायकांना वाटायचं की एवढं रक्त काढलं तर अंगात राहील काय. तुम्ही जांभळा बल्ब त्यांच्या तळहातावर ठेवायचात. यात दोन-तीन मिली मावतं, मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर असतं, रक्तदान करणारा एका वेळी साडेतीनशे मिली देऊन चालत घरी जातो. मग त्या स्वतःच बाही वर करायच्या.

सिकलसेल हा आईबापांकडून येणारा, तांबड्या पेशींचा आजार. त्याच्या तपासणीत तर या सगळ्याचा कस लागतो. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 ला सुरू झालं, पण आपल्या भागाला हा आजार आधीपासून ठाऊक आहे. सोल्युबिलिटीची चाचणी तुम्ही शिकवलीत ती अशी: नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. आणि लगेच बजावलंत की पॉझिटिव्ह म्हणजे रुग्ण असं समजू नका, कुणाला सांगू तर मुळीच नका. या चाचणीला एएस आणि एसएस वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. एएस म्हणजे वाहक, सहसा धडधाकट. एसएस म्हणजे रुग्ण, त्याला उपचार आणि काळजी आयुष्यभर हवी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर ही चाचणी फसवी निगेटिव्हही येऊ शकते, कारण त्याच्या अंगात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं.

एका मुलीची आई रिपोर्ट हातात घेऊन रडत आली होती. गावात कुणीतरी तिला सांगितलं होतं, मुलीला सिकल आहे, आता लग्न होणार नाही. तुम्ही रिपोर्ट वाचलात, तिला खुर्ची दिलीत, आणि दोन बोटं दाखवून समजावलंत. एक दाणा आईचा, एक बापाचा. हिच्याकडे दोघांपैकी एकच सदोष आला आहे, ही वाहक आहे, आजारी नाही. होणाऱ्या नवऱ्याची तपासणी करून घ्यायची, तोही वाहक असेल तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता रुग्ण बाळाची, तेव्हा आधी डॉक्टरांशी बोलायचं. पंधरा मिनिटं तरी गेली असतील. बाहेर रांग होती, कुणी कुरकुर केली नाही. ‘वाहक’ आणि ‘रुग्ण’ यांत गल्लत झाली तर एका मुलीच्या संसाराचं काय होतं, ते मी त्या खुर्चीशेजारी उभी राहून पाहिलं. आज शिबिरात कार्डावर लिहिताना मी रकाना दोनदा वाचते.

सुरक्षिततेचं तर तुम्ही आम्हाला वेडच लावलंत. सुईला टोपण परत घालायचं नाही. सुई पांढऱ्या डब्यात, सिरिंज आणि हातमोजे लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. बल्बवर नाव रक्त काढल्यावर, पेशंटसमोर, आधी नाही आणि नंतर टेबलावर जाऊनही नाही. सुई टोचली तर लपवायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं आणि ताबडतोब कळवायचं, कारण एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्य तितक्या लवकर आणि 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. याबद्दल तुम्ही कधी हसून बोलला नाहीत.

या सगळ्याचा तुम्हाला ना भत्ता मिळाला, ना कुठल्या कागदावर नोंद झाली. दुपारची वेळ तुमच्या जेवणाची होती, हे आम्हाला पुष्कळ उशिरा लक्षात आलं. आभार हा शब्द त्यापुढे थोडका आहे, पण माझ्याकडे तोच आहे. मनापासून आभार, मॅडम.

आता एक विचारायचं आहे. आमच्याकडे ब्लड कल्चर नव्याने घेऊ लागलो आहोत. स्कॅल्प व्हेन सेटने, म्हणजे बारीक नळी जोडलेल्या सुईने, घेतलं तर नळीतली हवा आधी येते, म्हणून एरोबिक (हवेत वाढणाऱ्या जंतूंची) बाटली आधी; सिरिंजने घेतलं तर ॲनएरोबिक (हवेविना वाढणाऱ्या जंतूंची) आधी, हवा जाऊ नये म्हणून. एवढं मी नव्या मुलींना सांगते. पण अशक्त, म्हाताऱ्या पेशंटच्या हातातून दोन्ही बाटल्यांपुरतं रक्त येतच नाही, तेव्हा तुम्ही कुठली बाटली आधी भरत होतात आणि किती मिलीवर थांबत होतात? रविवारी दुपारी फोन करते. तुमचं जेवण झाल्यावर.

तुमची विद्यार्थिनी