शेवंता कोण, हे सांगणाऱ्या अ‍ॅडमिरल साहेबांस

आदरणीय साहेब,
सप्रेम नमस्कार.

आईचे कुटुंब निवृत्तिवेतन गेल्या महिन्यात सुरू झाले. ज्या कचेरीत आम्ही दोन वर्षे खेपा घातल्या, तिचे नाव येथे घेत नाही, परंतु बाबांच्या नौदलातील कागदांवर पत्नीचे नाव ‘शेवंता’ आणि आधार कार्डावर ‘सुनंदा’ एवढ्यावरून तेथील एका गृहस्थांनी आईला सर्वांदेखत “मग ही शेवंता कोण?” असे विचारले होते, ते अजून विसरता येत नाही. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपल्याकडची रीत त्यांना ठाऊक नसावी, हे मला तरी पटत नाही.

लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत अभियांत्रिकी शिकून तुम्ही सब-लेफ्टनंट म्हणून विक्रांत या विमानवाहू जहाजावर आलात आणि पुढे रिअर अ‍ॅडमिरल होऊन निवृत्त झालात. बाबा त्याच जहाजावर स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारे खलाशी, होते. १९७१ साली विक्रांतच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेला होता, त्यामुळे वेग घटला होता, आणि जहाज पुरेसे धावले नाही तर विमानांना उड्डाणासाठी समोरचा वारा मिळत नाही. तरीही ४ डिसेंबरला सी हॉक विमाने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील कॉक्स बाजारवर हल्ल्याला गेली, ती उरलेल्या तीन बॉयलरांच्या जिवावर. हे बाबांकडून शंभरदा ऐकले होते. बॉयलर रूमच्या दारामागे त्यांनी खडूने ‘शेवंता’ असे लिहून ठेवले होते, हे मात्र तुमच्याकडून कळले.

तुमच्या साक्षीच्या पत्राने काम झाले, त्याबद्दल आभार आहेतच. पण त्या दिवशी पुण्याच्या घरी, गुडघे साथ देत नसतानाही, तुम्ही खुर्चीतून उठलात आणि आईपुढे हात जोडून म्हणालात, “शेवंतावहिनी, ते नाव पुसायला मीच लावलं होतं. माफ करा.” एवढ्या हुद्द्यावरून उतरलेल्या माणसाने एका स्टोकरच्या बायकोची, चोपन्न वर्षांपूर्वीच्या खडूच्या एका रेघोटीसाठी क्षमा मागावी! सभ्यपणाला ना हुद्दा लागतो, ना शासननिर्णय. तरी तो इतका दुर्मीळ का, हे मला उमगत नाही.

परतीच्या एसटीत आई बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “पुसल्यावर त्यांनी परत लिहिलं असेल का रे?” तुम्हाला आठवत असेल, तर कृपया कळवावे.

आपला नम्र,
एका स्टोकरचा मुलगा